केलाँगची थंडी आणि आपली थंडी: उंचावरच्या खोऱ्यातली पिके तिथेच का येतात

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते आणि पाठोपाठ फोन सुरू होतात. "साहेब, आमच्याकडं पण चांगली थंडी पडते, मग सफरचंद का येणार नाही?" गेल्या काही वर्षांत त्यात हिंगाची भर पडली आहे. १५ ऑक्टोबर २०२० रोजी पालमपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ हिमालयन बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी या संस्थेने हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावात, हिंगाचे पहिले रोप लावले. बातमी देशभर गेली. आता त्या खोऱ्याचे फोटो टाकून "थंड हवामानातील हमखास पीक" अशा रोपांच्या जाहिराती शेतकरी मला पाठवतात आणि घेऊ का, असे विचारतात.

"थंड हवामान" हा शब्द इथे फसवा ठरतो. महाबळेश्वरला थंडी आहे, निफाडला थंडी आहे, उटीला आहे आणि लाहौलमधल्या केलाँगलाही आहे, पण या चारही ठिकाणच्या थंडीत फरक आहे. केलाँगचे हवामान कशाने घडते आणि तिथली पिके त्यावर कशी बेतलेली आहेत, हे एकदा नीट पाहिले तर अशा जाहिरातींचे उत्तर आपले आपल्याला काढता येते.

केलाँग नेमके कुठे आहे

पुण्या-मुंबईहून मोटारसायकलने लेहला जाणाऱ्या मंडळींना केलाँग रात्रीच्या मुक्कामाचे गाव म्हणून माहीत असते. लाहौल-स्पिती जिल्ह्याचे हे मुख्यालय, पण वस्ती जेमतेम हजार-बाराशेची. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०८० मीटर, म्हणजे १० हजार फुटांच्या थोडी वर. भागा नदी गावाच्या खालून वाहते आणि सात-आठ किलोमीटरवर तांदी येथे चंद्रा नदीला मिळते. तिथून पुढे तिला चंद्रभागा म्हणतात आणि आणखी खाली तीच चिनाब होते. पंढरपूरच्या चंद्रभागेशी तिचे फक्त नावाचे नाते.

दक्षिणेला पीर पंजाल ही डोंगररांग आहे. मनालीहून लाहौलमध्ये उतरायचे तर ही रांग ओलांडावी लागते. जुना रस्ता ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीतून जायचा आणि ही खिंड साधारण नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत बर्फाने बंद असायची. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली ते केलाँग हे सुमारे ११५ किलोमीटरचे अंतर ७० च्या आसपास आले. बोगद्याचा पिकांवर काय परिणाम झाला ते पुढे पाहू. आधी हवा समजून घेऊ.

उंची, अक्षांश आणि डोंगराची भिंत

दर १,००० मीटर उंचीला हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने केलाँग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २० अंशांनी थंड असायला हवे. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे केवळ उंचीमुळेच दोन्ही ठिकाणांत ११ अंशांचा फरक पडतो.

पण उंची हा निम्माच भाग झाला. उटी २,२४० मीटरवर आहे, तरी तिथे बटाट्याचे पीक वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा घेतात. कारण उटी साडेअकरा अंश अक्षांशावर आहे आणि विषुववृत्ताच्या जवळ उन्हाळा व हिवाळा यांत फार अंतर नसते. केलाँग साडेबत्तीस अंशांवर आहे. तिथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस चौदा तासांच्या थोडा वर असतो आणि डिसेंबरमधला दहा तासांच्या आसपास. त्यात दोन्ही बाजूंना उंच डोंगर असल्याने हिवाळ्यात सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर मावळतो. परिणामी जानेवारीत रात्रीचा पारा उणे १० ते उणे १५ अंशांच्या घरात जातो आणि दिवसाही शून्याच्या आसपास रेंगाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दुपारी २२ ते २६ अंश असतात. उटीला वर्षभर सौम्य गारवा मिळतो. केलाँगला गोठवणारा हिवाळा आणि छोटा, छान उन्हाळा असे दोन वेगळे ऋतू मिळतात.

तिसरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरही नसलेल्या माण-खटावमध्ये पाचशेच्या आसपास. डोंगराने ढग अडवले की पलीकडे पर्जन्यछाया तयार होते. पीर पंजाल लाहौलला हेच करतो. मान्सून कुलू-मनालीकडे भरपूर बरसतो आणि पलीकडे पोचेपर्यंत रिता होतो. लाहौलला पाणी मिळते ते मुख्यतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे पडणाऱ्या बर्फाच्या रूपाने. म्हणजे आपल्याकडे ज्या चार महिन्यांत पाणी पडते त्याच चार महिन्यांत तिथे पीक उभे असते, पण आकाश बहुतेक निरभ्र असते. आपल्या खरीप पिकाला ढगाळ हवा, आर्द्रता आणि पानांवर सतत ओल मिळते. तिथल्या पिकाला ऊन, कोरडी हवा आणि मुळाशी बर्फाचे पाणी मिळते. बटाट्याच्या आणि वाटाण्याच्या बाबतीत सगळा फरक इथून सुरू होतो.

दिवसा भाजते, रात्री गोठते

३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. हवा विरळ, कोरडी आणि धूळ कमी. त्यामुळे ऊन थेट येते, अतिनील किरणेही जास्त. उन्हात उभे राहिले तर कातडी भाजते आणि सावलीत गेले की स्वेटर लागतो. सूर्य मावळल्यावर हीच विरळ, कोरडी हवा जमिनीतली उष्णता धरून ठेवू शकत नाही. ढगांची गोधडी नसते, उष्णता सरळ आकाशात निघून जाते आणि पारा झपाट्याने उतरतो.

वेण्णा तलावाकाठचे गोठलेले दवबिंदू हे याच क्रियेचे छोटे रूप आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताच्या पात्याचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा काही अंशांनी खाली जाते. हवामान केंद्राच्या तापमापकावर पाच-सहा अंश दिसत असताना सखल जागी गवतावर बर्फ जमू शकतो. तो पहाटेचे काही तास टिकतो आणि सकाळी नऊपर्यंत ऊन त्याला संपवते. जमिनीत चार बोटे खाली त्याची खबरही नसते. केलाँगला जमीनच गोठते आणि महिनोन्‌महिने गोठलेली राहते.

थंड हवा जड असते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहून खोलगट भागात साचते. निफाड परिसरात पारा आजूबाजूच्या भागांपेक्षा खाली जातो तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. त्यांना हे पक्के माहीत आहे की एकाच गटातल्या सखल तुकड्याला फटका आधी बसतो. लाहौलमध्येही शेते नदीच्या अगदी पात्रालगत कमी आणि उताराच्या मधल्या टप्प्यांवर, पायऱ्या करून जास्त आहेत. उताराचे तोंड कोणत्या दिशेला आहे यालाही मोल आहे. केलाँग भागा नदीच्या उजव्या काठावर, दक्षिणेकडे तोंड करून बसले आहे. समोरच्या काठावरचे कारदंग गाव उत्तरेकडे तोंड करून आहे. नदीच्या दोन काठांवरची ही दोन गावे एकमेकांना दिसतात, पण वसंतात उन्हाकडच्या काठावरचे बर्फ आधी वितळते आणि समोरच्या शेतात पेरणीला थांबावे लागते.

चार महिन्यांचे वर्ष

ढोबळमानाने मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दंवाचा धोका कमी असतो. चार महिने. मागेपुढे थोडे ताणून धरले तर पाच. एवढ्यातच नांगरट, पेरणी, पाणी, काढणी आणि हिवाळ्याचा चारा-सरपण असे सगळे उरकायचे. केलाँगच्या पट्ट्यात वर्षाला एकच पीक निघते. चंद्रभागेच्या खालच्या अंगाला, उदयपूरकडे जाणाऱ्या पट्टन खोऱ्यात उंची कमी होते, तिथे पूर्वी सातू काढून लगेच कुट्टू (आपण उपवासाला खातो तो) टाकायची पद्धत होती. चारशे-पाचशे मीटर खाली उतरले की हंगामात काही आठवडे मिळतात आणि दुसरे पीक शक्य होते.

हंगाम एवढा तोकडा असला की आठवड्यालाही किंमत येते. म्हणून लाहौलचे शेतकरी वसंतात शेतातल्या बर्फावर माती पसरतात. ताजा पांढरा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, त्यामुळे ऊन पडूनही तो वितळत नाही. वर गडद मातीचा पातळ थर दिला की ऊन शोषले जाते आणि शेत काही दिवस आधी उघडे होते. हे करायला कोणी शास्त्रज्ञ यावा लागला नाही.

बर्फाचा दुसरा गुण आपल्या लक्षात येत नाही. तो उत्तम पांघरूण आहे. बाहेर हवा उणे पंधरा असताना दोन-तीन फूट बर्फाखालची माती शून्याच्या जवळपास राहते. जमिनीत मुळे ठेवून हिवाळा काढणारी बहुवर्षीय पिके त्यामुळे तगतात. कुठ हे मुळांसाठी घेतले जाणारे औषधी पीक लाहौलमध्ये अनेक दशके लावले जाते ते या पांघरुणाच्या भरवशावर. ज्या वर्षी बर्फ कमी पडतो त्या वर्षी उघड्या जमिनीत मुळांना जास्त त्रास होतो, आणि उन्हाळ्यात पाणीही कमी पडते.

पाणी येते ते कुहल नावाच्या पाटांतून. हिमनदीच्या किंवा बर्फाच्या ओढ्याला वरच्या अंगाला वळवायचे आणि डोंगराच्या कडेकडेने कित्येक किलोमीटर आणून गावच्या शेतात सोडायचे. पाण्याच्या पाळ्या गाव ठरवते आणि वसंतात पाट साफ करायला घरटी माणूस द्यावा लागतो. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक असा की आपल्या बंधाऱ्यात पाणी पावसाने येते आणि तिथे उन्हाने. ढगाळ, गार आठवडा आला की बर्फ वितळत नाही आणि पाट आटतो.

वाटाणा: एकच पीक, निम्मा वेग

आता एका पिकाचे गणित करून पाहू. पिकाची वाढ दिवसांवर कमी आणि मिळालेल्या उष्णतेवर जास्त अवलंबून असते. रोजच्या सरासरी तापमानातून पिकाचे किमान तापमान वजा केले की त्या दिवसाचे अंश-दिवस मिळतात. वाटाण्याचे किमान तापमान ५ अंश धरू. केलाँगला जूनमध्ये दिवसा २२ आणि रात्री ८ अंश असतील तर सरासरी १५, म्हणजे दिवसाला १० अंश-दिवस जमा होतात. पुरंदर तालुक्यात खरिपात दिवसा २८ आणि रात्री २२ अंश धरले तर सरासरी २५ आणि रोजची जमा २०. शेंगा तोडणीला येईपर्यंत समजा १,००० अंश-दिवस लागतात, तर पुरंदरमध्ये ५० दिवस आणि केलाँगला १०० दिवस. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण सासवडकडचा वाटाणा दोन महिन्यांच्या आत तोडणीला येतो आणि लाहौलचा तीन महिने घेतो, हे यावरून समजते.

पन्नास दिवस जास्त म्हणजे पन्नास दिवस जास्त ऊन पानांनी घेतले. शिवाय रात्र गार असल्याने दिवसा तयार केलेली साखर श्वसनात कमी जळते. गरम हवेत दाण्यातली साखर पिष्टात लवकर बदलते, शेंग एक-दोन दिवस उशिरा तोडली तरी दाणा पिठूळ लागतो. थंड हवेत ही खिडकी मोठी मिळते. लाहौलच्या वाटाण्याचा दाणा भरलेला आणि गोड लागतो त्याचे कारण एवढेच. लोक पाण्याचा गुण सांगतात, पण गुण रात्रीच्या पाऱ्याचा आहे.

यात आपल्यासाठी एक बाब आहे. लाहौलचा वाटाणा जुलै-ऑगस्टमध्ये निघतो आणि मैदानी भागात त्या काळात वाटाणा येत नाही, म्हणून दिल्ली-चंडीगडच्या बाजारात त्याला भाव मिळतो. पुरंदर आणि साताऱ्याकडचा पावसाळी वाटाणाही नेमक्या याच रिकाम्या जागेत पुण्या-मुंबईला विकला जातो. आपल्याकडे ही जागा ढगाळ, गार पावसाळ्याने मिळवून दिली आहे. त्या गारव्याबरोबर भुरी आणि मूळकूज येते, म्हणून निचरा आणि फवारणीचे वेळापत्रक सांभाळावे लागते. लाहौलची शिफारस पत्रिका इथे उपयोगी पडत नाही.

बटाट्याचे बेणे: उंचीचे काम कॅलेंडरने केले

लाहौलचे नाव शेतीत पसरले ते बियाणे बटाट्यामुळे. कारण मावा. बटाट्याचे पाने गुंडाळणारे आणि मोझॅकसारखे विषाणूरोग मुख्यतः मावा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. विषाणू कंदात उतरला की तो पुढच्या वर्षीच्या बेण्यात आधीपासूनच असतो आणि फवारून निघत नाही. दोन-तीन वर्षे घरचेच बेणे वापरले की कंद लहान होत जातात आणि उत्पादन घसरते. शेतकरी म्हणतात बेणे "उतरले".

कडक हिवाळ्यात मावा आणि त्याला आसरा देणारी हिरवळ दोन्ही संपतात. उन्हाळ्यात गार आणि वाऱ्याच्या हवेत तो उशिरा आणि कमी वाढतो. त्यावर कोरड्या हवेमुळे उशिरा येणाऱ्या करप्याला हवी तशी ओल पानांवर टिकत नाही. त्यामुळे अशा खोऱ्यात निघालेला कंद बऱ्यापैकी निरोगी असतो. एकेकाळी मैदानी प्रदेशाला चांगले बेणे डोंगरातूनच आणावे लागे.

पण डोंगरी बेण्याला एक अडचण होती. बटाटा काढल्यानंतर साधारण आठ ते दहा आठवडे सुप्तावस्थेत असतो, त्याला डोळे फुटत नाहीत. लाहौलमध्ये काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. मैदानात रब्बीची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ताजे डोंगरी बेणे तेव्हा झोपलेले असते. वर डोंगरात क्षेत्र थोडे आणि वाहतूक महाग.

१९६० च्या दशकात सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे डॉ. पुष्करनाथ यांच्या कामातून बीज प्लॉट तंत्र पुढे आले. विचार साधा होता. पंजाबच्या मैदानात मावा बाराही महिने नसतो, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तो फार कमी असतो. मग बेण्याचे पीक त्याच खिडकीत बसवायचे. ऑक्टोबरमध्ये निरोगी बेणे लावायचे, रोगट झाडे उपटत राहायचे आणि माव्याची संख्या शंभर संयुक्त पानांवर वीसच्या पुढे जाण्याआधी, साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला, वेल कापून टाकायचे. कंद जमिनीत साल पक्की होईपर्यंत ठेवून काढायचे आणि शीतगृहात टाकायचे. लाहौलला जे उंचीमुळे आपोआप मिळते ते जालंधरला वेळ साधून मिळवले गेले.

मंचर, सातगाव पठार आणि खटाव-माण भागातील खरीप बटाटा उत्पादक जून-जुलैमध्ये लावतात ते बेणे बहुतेक या जालंधरकडच्या साखळीतूनच येते. जानेवारी-फेब्रुवारीत काढलेले, चार-पाच महिने शीतगृहात राहिलेले बेणे जूनमध्ये डोळे फुटायच्या योग्य वयात असते. लाहौलचे बेणे जूनपर्यंत आठ-नऊ महिन्यांचे होईल, म्हणजे म्हातारे, जास्त आणि कमकुवत कोंब देणारे. त्यामुळे "थेट हिमालयातील बेणे" असे सांगून कोणी जास्त दर मागत असेल तर आधी काढणीचा महिना विचारा, उंची नंतर. आणि शीतगृहातून काढलेले बेणे लगेच लावू नका. आठ-दहा दिवस सावलीत, मंद उजेडात पसरून कोंब जाड आणि आखूड होऊ द्या.

पीक रस्ताही ठरवतो

लाहौलमध्ये पूर्वी कोणती पिके पैशाची होती ते पाहा: बियाणे बटाटा, कुठाची वाळलेली मुळे, बिअरला लागणाऱ्या हॉप्सची सुकवलेली बोंडे. तिन्हींत एक साम्य आहे. किलोला बरा भाव आणि आठ दिवस रस्ता बंद राहिला तरी माल सडत नाही. हवामान फुलकोबीला तेव्हाही चांगले होते, पण रोहतांगवर गाडी अडकली की फुलकोबी संपली. रस्ते सुधारत गेले तसे वाटाणा आणि फुलकोबी वाढली. आता बोगद्यानंतर आइसबर्ग लेट्यूस, ब्रोकोली अशा नाजूक मालाचीही हिंमत होते. हवा तीच, बाजाराचे अंतर बदलले.

अर्थात खोऱ्याच्या आत रस्ते तसेच आहेत. जुलै २०२१ च्या अखेरीस, पर्जन्यछायेच्या या भागात, जोराचा पाऊस झाला. उदयपूर रस्त्यावरच्या तोजिंग नाल्याला पूर आला, माणसे गेली, रस्ते तुटले आणि ऐन हंगामातला भाजीपाला खोऱ्यात अडकून पडला. कोरड्या प्रदेशातील उतारांवर झाडोरा विरळ आणि माती सैल असते. त्यामुळे कोकणात कोणी दखलही घेणार नाही एवढ्या पावसाने तिथे डोंगर खाली येतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये उलटे झाले. २२ तारखेच्या सुमारास, नेहमीच्या खूप आधी, दोन-तीन दिवस जोरदार बर्फ पडला. शेकडो प्रवासी अडकले, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने लोक काढावे लागले. त्या बातम्यांत मागे राहिली ती शेते. बटाटा अजून जमिनीत होता, फुलकोबी उभी होती, सफरचंदाची झाडे पानांनिशी होती. पाने झडलेल्या फांदीवर बर्फ फारसा थांबत नाही, पण पाने असताना तो साचतो आणि फांदी मोडते. चार महिन्यांच्या हंगामात शेवटचे आठ दिवस गेले तर दुसरा हंगाम नसतो. आपल्याकडे खरीप हातचा गेला तर रब्बीवर भिस्त ठेवता येते. केलाँगचा शेतकरी थेट पुढच्या मेपर्यंत थांबतो.

मग आपल्याकडे सफरचंद आणि हिंग?

सफरचंदाच्या जुन्या डेलिशियस गटातील वाणांना हिवाळ्यात साधारण हजार ते बाराशे तास थंडी लागते, तीही ० ते ७ अंशांच्या दरम्यानची. या थंडीने कळ्यांची सुप्तावस्था सुटते. गंमत म्हणजे केलाँगच्या उणे पंधराच्या रात्री या हिशेबात मोजल्या जात नाहीत. तिथले बरेचसे तास शरद आणि वसंतातून मिळतात. महाबळेश्वरला हिवाळ्यात रात्रीचा सरासरी पारा १३-१४ अंशांवर असतो. गोठलेल्या दवबिंदूंच्या चार पहाटा धरल्या तरी तासांची बेरीज शंभरीजवळ जात नाही. कमी थंडी लागणाऱ्या एचआरएमएन-९९ सारख्या वाणांना काही ठिकाणी फळे येतात, हे खरे. झाडाला फळ दिसणे आणि एकरी हिशेब जुळणे यांत अंतर आहे, आणि फळ आपल्या मे-जूनच्या उन्हात व वळिवात पिकते तेव्हा रंग आणि टिकवण दोन्हींत मार खाते. घरापुरती चार झाडे लावा, एकर घालू नका. खुद्द हिमाचलमध्येही खालच्या उंचीवर थंडीचे तास कमी पडू लागल्याने सफरचंद वर सरकत आहे आणि लाहौलमध्ये नव्या बागा होत आहेत.

हिंगाचे आणखी कठीण. फेरुला असाफोटिडा ही वनस्पती इराण-अफगाणिस्तानच्या थंड, कोरड्या भागातील. बियाण्याची सुप्तावस्था मोडायला ओली थंडी लागते आणि तरीही उगवण फार कमी होते. मूळ गाजरासारखे मांसल, वालुकामय आणि निचऱ्याच्या जमिनीत राहणारे. साचलेली ओल त्याला चालत नाही. मुळाला चीर देऊन निघणारा डिंक मिळायला साधारण पाच वर्षे लागतात. म्हणून संस्थेने लागवडीसाठी लाहौल-स्पितीसारखी थंड, कोरडी खोरी निवडली. आपल्या काळ्या जमिनीत जून ते सप्टेंबर ते मूळ कसे राहील याचा विचार प्रत्येकाने करावा. रोप विकणारा पाच वर्षांनी फोन उचलेल का, हाही.

अशा कोणत्याही पिकाची जाहिरात आली की मी शेतकऱ्याला आधी स्वतःच्या शेतातले आकडे विचारतो. कमाल-किमान तापमापक काही शे रुपयांत मिळतो. तो शेतातल्या सर्वांत सखल तुकड्यात, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, सावलीत टांगा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी वहीत नोंद करा. शेजारी जून ते सप्टेंबरचा पाऊस लिहा. मग विक्रेत्याला त्या पिकाला ७ अंशांखालचे किती तास लागतात, जमीन ओली असताना मूळ किती दिवस टिकते आणि ज्या गावात ते पीक आज उभे आहे तिथला जुलैचा पाऊस किती, हे विचारा. गेल्या हिवाळ्यात जावळी खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याने ही नोंद ठेवली. चार महिन्यांत पारा ७ अंशांखाली अकरा पहाटा गेला होता, प्रत्येक वेळी दोन-तीन तास. हिंगाच्या रोपांसाठी बाजूला काढलेले पैसे त्याने घेवड्याच्या मांडवाला आणि चर खोदायला वापरले.